आक्काच्या गाडीचा एक्सल

खडूची रेघ शटरपासून निघून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चाकं टाकून आक्काची गाडी शेडच्या मधोमध बसली होती. तोंड रस्त्याकडे, पाठ विटांकडे. विटा येऊन पडल्या होत्या, गवंडी उद्या सकाळी यायचा होता. आज गाडी बाहेर निघाली की रेघ मोकळी होणार आणि तिच्यावर भिंत उभी राहणार. अलीकडे दादाची शेड, पलीकडे भाऊची.

त्यामुळे त्या रविवारी गाडी एकदाची चालू व्हावी असं सगळ्या घराला वाटत होतं. वाटत नव्हतं ते फक्त आक्काला, आणि गाडी तर तिचीच होती.

वडिलांनी जाताना गाड्या दुरुस्तीची ही शेड दोन्ही मुलांना, दादाला आणि भाऊला, मिळून दिली आणि ही बुटकी, चौकोनी, दोन दारांची जुनी गाडी थोरल्या मुलीला, आक्काला. "पोरांना काम देऊन जातो, तुला पाय देऊन जातो," असं ते म्हणाले होते. आक्काने जन्मभर शाळेत मुलांना शिकवलं आणि त्याच गाडीने जा-ये केली. गाडी ती इतकी सांभाळून चालवायची की सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात.

भांडणाचं मूळही गाडीतच होतं. भाऊचा जीव इंजिनात. आक्काला वाढदिवसाची भेट म्हणून त्याने कुणाला न विचारता गाडीत मोठं इंजिन बसवलं. दादाने बघितलं, मान हलवली आणि म्हणाला की मागचा एक्सल लहान इंजिनाच्या मापाचा आहे, हा जोर त्याला झेपायचा नाही. भाऊने ते हसण्यावारी नेलं. मग सगळं घर नवे कपडे घालून, एकत्र फोटो काढायला म्हणून त्या गाडीत कोंबून निघालं, भाऊ चालवायला बसला आणि चढावर मधोमध मागून काडकन आवाज आला. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं जागची हलेनात. सगळे उतरले. नव्या चपला चावत होत्या, ऊन डोक्यावर होतं, आणि खाली चालत येताना दादा एवढंच म्हणाला, "मी म्हटलं होतं."

दुसरा एखादा शब्द म्हणाला असता तरी चाललं असतं. भाऊ म्हणाला, "मग इथून पुढे तुझं तू बघ, माझं मी बघतो." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फोटो राहिलाच.

भिंतीची गोष्ट निघाली तेव्हा आक्काने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. उपयोग होईना, तेव्हा तिने वर्गात वापरायची ती युक्ती काढली. दोन मुलं भांडली की त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायचं नाही. एकच जड टेबल उचलून आणायला पाठवायचं. ती शेडमध्ये गेली आणि ठामपणे म्हणाली, "भिंत बांधायची तर बांधा. पण आधी माझी गाडी रेघेवरून हलवा. आणि तसलाच नाजूक एक्सल मला परत नको. मजबूत घाला."

तसलाच घालायचा तर ते एका दुपारचं काम होतं. मजबूत घालायचा म्हणजे दोघांचे हात हवेत. मापं घ्यायची, लेथ चालवायची ते दादाचं काम. वेल्डिंग आणि इंजिन भाऊचं. भंगारवाल्याकडे सामान वाहणाऱ्या एका जुन्या व्हॅनचा एक्सल मिळाला. तो होता दणकट, पण व्हॅनचे कमानपाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, एकमेकांपासून लांब, आक्काच्या गाडीचे जवळ. म्हणजे एक्सल ज्या बैठकांनी पाट्यांवर टेकतो त्या जुन्या बैठका घासून काढायच्या आणि नव्या, गाडीच्या मापाने, वेल्ड करायच्या. पुढून येणारा लांब दांडा कापून आखूड करायचा. ब्रेकच्या नळ्या नव्याने वळवायच्या. आक्काला मनातून वाटलं, एवढ्यात दगडालाही पाझर फुटेल.

दगडांनी वाटण्या करून घेतल्या. दादा सकाळी येऊन काम करायचा, भाऊ दुपारी. एकाने सोडलेलं काम दुसरा न बोलता पुढे न्यायचा. वडिलांचा नियमच होता तसा. ते म्हणायचे, काम सोडताना वस्तू सुलटी ठेवून जायची, उद्या तिला हात लावणारा कोण असेल सांगता येत नाही. तो नियम दोघांच्या हाडात इतका मुरलेला की बोलायची गरजच पडेना, आणि आक्काची युक्ती तिच्याच अंगावर उलटली. काम सरत आलं, अबोला होता तिथेच.

आज शेवटचा दिवस. एक्सल वर चढवायचा, आवळायचा, तेल भरायचं. हे एकट्याचं काम नव्हे, म्हणून दोघं आज पहिल्यांदा एका वेळी शेडमध्ये होते. दादा गाडीच्या डाव्या अंगाला, भाऊ उजव्या अंगाला, मध्ये हातभर अंतर. त्या हातभर अंतरात टपालखातं चालवत होती दादाची नऊ वर्षांची नात. ती एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत.

"भिंगरे, त्या महाशयांना सांग," दादा गाडीखालून म्हणाला, "एकच बोल्ट घट्ट करत सुटायचं नाही. आलटून पालटून ताणायचे."

भिंगरी गाडीला पूर्ण वळसा घालून उजव्या बाजूला गेली. खाली वाकली.

"भाऊआजोबा, आजोबा म्हणतात आलटून पालटून ताणा. आणि तुम्हाला महाशय म्हणाले."

"तुझ्या आजोबांना सांग, बोल्ट कसे ताणायचे हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी ते परत शिकवायची गरज नाही. मी काय काल शेडमध्ये आलेलो नाही. आणि महाशय कुणाला म्हणायचं ते..."

"लांब पत्राला उशीर लागतो," भिंगरी म्हणाली. "थोडक्यात सांगा."

भाऊने विचार केला. "बरं, सांग."

ती परत वळसा घालून डावीकडे आली. "आजोबा, ते बरं म्हणाले. आणि तुम्हीच त्यांना शिकवलंत असंही म्हणाले."

गाडीखालून मग पान्हा फिरू लागला, जरा हळू.

आक्का बाजूच्या बाकावर बसून हे ऐकत होती. पोरीने टपाल उघडून वाचून त्यातलं बरं तेवढं पोचवायला सुरुवात केली होती, आणि आक्काला आयुष्यात पहिल्यांदा अशा चुकीबद्दल विद्यार्थिनीला शाबासकी द्यावीशी वाटली.

टपाल थंडावलं तशी भिंगरी आक्काजवळ येऊन टेकली. एवढं मोठं लोखंड कशाला लागतं, इंजिन पुढे आहे तर चाकं मागची का फिरतात, असं तिने विचारलं. आक्काला जेवणापेक्षा प्रश्न आवडायचे. तिने पिशवीतून विणकामाची सुई काढली, एका डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, मधोमध भोक पाडून ते सुईत घट्ट बसवलं. सुई आडवी धरली.

"ही सुई म्हणजे एक्सल. हिच्या दोन टोकांना चाकं आहेत असं समज. आणि ही पेन्सिल म्हणजे इंजिनाकडून येणारा लांब दांडा." पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर होता. तो तिने झाकणाच्या कडेला टेकवला आणि पेन्सिल स्वतःभोवती फिरवली. रबराने झाकण ओढलं, झाकणाबरोबर सुई फिरली. "बघ. दांडा असा लांबीत फिरतो आणि चाकं तशी पुढे फिरतात. आत दातेरी चाकं आहेत, आपल्याकडे रबर आहे. एवढाच फरक."

"मग तुटलं काय होतं?"

"पेन्सिल कुणी फार जोरात फिरवली तर आधी काय मोडेल?"

भिंगरीने सुईकडे बघितलं, मग भाऊच्या पायांकडे बघितलं, आणि गाडीखाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आजोबांचं बरोबर होतं तर."

"बरोबर होतं," आक्काही तशीच कुजबुजली. "पण बरोबर असणं आणि ते चढावर, उन्हात, नव्या चपलांत बोलून दाखवणं, ही दोन वेगळी कामं आहेत."

तेवढ्यात दोन्ही वहिनी चहा घेऊन आल्या. मोठी वहिनी, दादाची बायको, शिवणकाम करायची; धाकटी, भाऊची, औषधाच्या दुकानात होती. भिंतीचा विषय निघाला तेव्हा दोघी भिंतीच्या बाजूने होत्या. नवऱ्यांवर प्रेम म्हणून नव्हे, वैतागून. मोठीचं म्हणणं असं की भिंत झाली म्हणजे निदान कुठल्या दारातून कुणाला चहा द्यायचा ते तरी नक्की होईल. आज मात्र तिने किटली बाकावर ठेवली आणि विटांकडे बघत म्हणाली की भिंत आली की उजेड अर्धा होणार, हे कुणी लक्षात घेतलं का. धाकटी म्हणाली, तिने घेतलं होतं, पण बोलणार कोण. मोठी म्हणाली, तिलाही तेच वाटत होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्काला कळलं की आत्ता, या क्षणी, किटलीच्या वाफेत एक पक्षांतर झालं. पण हे तिला महिनाभर आधी हवं होतं. आता गाडी तयार होती.

"आक्का, तुम्ही तरी सांगा त्यांना," धाकटी म्हणाली.

"मी सांगून झालं. आता एक्सलच काय सांगेल ते."

भाऊने पाठीमागचं बूच काढून तेल भरायला घेतलं. दादा कॅन धरून उभा. तेल भरायचं ते भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत, अशी रीत होती. एक्सल पीत होता आणि पीतच होता. दादाच्या कपाळावर आठी पडली. भाऊनेही कॅनकडे बघितलं, मग दादाकडे न बघता दादाच्या बाजूला बघितलं. व्हॅनचा एक्सल मोठा, त्याला तेल जास्त लागणार, असं दोघांनी आपापल्या मनात ठरवलं असावं. विचारायला कुणी तयार नव्हतं. मग बूच लागलं, आणि फरशीवर, एक्सलच्या खालच्या अंगाने, तेलाचा एक टिपका पडला. थोड्या वेळाने दुसरा.

"तो लाळ गाळतोय," भिंगरी म्हणाली.

दादाने मुकाट्याने चिंधीने पुसलं. एक्सलला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, ते वरच्या अंगाला असतं, खाली टिपकायचं काही कारणच नव्हतं. हे त्याला माहीत होतं, भाऊलाही माहीत होतं. पण भरताना ओघळलं असेल, असं वाटून घ्यायला सोपं असतं. एकमेकांशी बोलणारी माणसं अशा वेळी "अरे, हे बघ काय" म्हणतात आणि अर्धं जग वाचतं.

गाडी जॅकवर होती. दादाने भिंगरीला हाक मारली.

"त्यांना सांग, चाकं आधी हवेत फिरवून बघू. मग खाली घेऊ."

भाऊने हे टपाल पोचायच्या आधीच ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले. माझ्या वेल्डिंगवर भरवसा नाही, असा त्याने अर्थ काढला. तो काही न बोलता जॅकजवळ गेला आणि गाडी खाली घेतली. चाकं फरशीला टेकली, गाडी पाट्यांवर एकदा डुलली आणि शांत बसली. छान बसली होती. दोघांच्याही चेहऱ्यावर क्षणभर तो आनंद दिसला, जो काम करणाऱ्यालाच कळतो, आणि दोघांनी तो एकमेकांपासून लपवला.

आक्का उठली. शाळेची जुनी सवय. "गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, पुढेही नाही. सगळे इकडे, बाजूच्या भिंतीला टेकून." सगळे रांगेत उभे राहिले. दादा पण.

भाऊ चालवायला बसला. शटर वर होतं, समोर रस्ता उन्हात पडला होता. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. आक्काने रेघेकडे बघितलं. एका मिनिटात ती मोकळी होणार होती. वडिलांची शेड, ज्यात तिने पोरवयात लेथच्या खाली लपून पाढे पाठ केले होते, उद्या दोन बोळ होणार होती. तिला वाटलं, मजबूत एक्सल मागायच्या ऐवजी आपण पंख मागायला हवे होते, लागले असते आणखी काही महिने.

भाऊने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी दिमाखात मागे गेली.

हळू नव्हे. मोठं इंजिन होतं, भाऊचा पाय होता, आणि एक्सल दणकट होता. गाडी रेघेवरून सरळ पाठीमागे धावली आणि विटांच्या थप्पीत घुसली. थप्पी कोसळली, विटा गडगडल्या, धूळ उडाली, एक वीट टपावर चढून बसली. भाऊने गोंधळून आणखी जोर दिला, कारण गाडी पुढे जायला हवी होती. ती आणखी मागे गेली आणि उरलेल्या विटाही घेऊन भिंतीला टेकली. मग इंजिन बंद पडलं.

धूळ खाली बसली. भाऊ दार उघडून बाहेर आला, धडधाकट, पण केसांत लाल धूळ. त्याने आधी गिअरच्या दांड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"पहिलाच टाकला होता," तो स्वतःशीच म्हणाला.

धाकटी वहिनी म्हणाली, "मग पुढे का नाही आलात?"

"मला काय माहीत."

दादा भिंतीपासून निघाला. तो गाडीकडे गेला नाही. भिंगरीच्या हातात अजून ते झाकण आणि सुई होती. त्याने ती घेतली, पेन्सिल घेतली, आणि भाऊच्या समोर जाऊन उभा राहिला. रबर झाकणाला टेकवला, पेन्सिल फिरवली. झाकण पुढे फिरलं. मग त्याने पेन्सिल होती तशीच ठेवली आणि सुई आडवीच्या आडवी उलटवली, डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. झाकण पेन्सिलीच्या पलीकडच्या अंगाला गेलं. परत पेन्सिल तशीच फिरवली.

झाकण मागे फिरलं.

भाऊ बघत राहिला. "उलटा बसलाय," तो म्हणाला.

"उलटा बसलाय," दादा म्हणाला.

भिंगरी मध्ये उभी होती. टपाल कुणाकडून कुणाकडे न्यायचं, हे तिला कळेना, कारण ते तिच्या डोक्यावरून थेट जात होतं.

"पण उलटा कसा बसेल?" भाऊ म्हणाला. "तू मागच्या रविवारी सकाळी मापं खुणावून गेलास. मी दुपारी आलो. एक्सल लोखंडी घोडीवर चढवलेला होता. बैठका पोटाकडून लावायच्या, म्हणून मी तो उलटा केला, पोट वर घेतलं आणि वेल्ड केल्या."

"तू उलटा केलास?"

"मग? खालून वेल्ड करू का?"

"अरे, मीच उलटा करून ठेवला होता. तू तो परत सुलटा केलास, आणि बैठका पोटाऐवजी पाठीला लागल्या."

भाऊने केसांतली धूळ झटकली. "तू काम उलटं ठेवून गेलास? बाबांचा नियम..."

"नियम माहीत आहे मला. तुझ्या आधीपासून माहीत आहे." दादा झाकणाकडे बघत होता, भाऊकडे नाही. "तुझा खांदा दुखतो. दोन आठवडे औषध घेत होतास. तुझ्या वहिनीकडून कळलं. त्या लोखंडाला एकट्याने पालथं घालशील आणि मग रात्रभर कण्हशील. म्हणून मीच पालथा घालून ठेवला, तुला नुसतं वेल्ड करायला." जरा थांबून तो म्हणाला, "आणि घासून रंग असा दिला होता की पोट कुठलं आणि पाठ कुठली हे मलाही कळलं नसतं. ते तेवढं फार नीट झालं."

धाकटी वहिनी मोठीकडे बघू लागली. मोठी किटलीकडे. खांद्याची बातमी कुठल्या खिडकीतून कुठल्या खिडकीत गेली होती, ते आता उघड झालं होतं.

"मी बघितलंही नाही," भाऊ म्हणाला. "श्वासाचं भोक कुठे आहे ते नुसतं बोटाने चाचपलं असतं तरी कळलं असतं. पण तू ठेवून गेलेलं काम सुलटं आहे का, हे तपासायचं? आजवर कधी तपासलंय मी? उलटं निघालंय कधी?"

दादाने हातातलं झाकण उलटसुलट फिरवलं. त्याने आयुष्यात एकदाच नियम मोडला होता, तो भावासाठी. आणि भावाने काम न तपासता डोळे मिटून पुढे नेलं, तेही ते दादाने ठेवलेलं होतं म्हणून. आक्काला हे सगळं दिसत होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. मूल उत्तराच्या जवळ आलं की शिक्षकाने खडू खाली ठेवायचा असतो.

"तेल जास्त प्यायला तेव्हाच मला शंका आली होती," दादा म्हणाला.

"मलाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

"मी चाकं हवेत फिरवा म्हटलं की."

"ते तू भिंगरीला म्हणालास. मला कुठे म्हणालास?"

आवाज चढले. दोघं एकमेकांच्या नाकासमोर उभे राहून भांडू लागले, टिपका कुणी पुसला, जॅक कुणी सोडला, मोठं इंजिन कुणी घातलं आणि "मी म्हटलं होतं" हे कुणी आणि का म्हटलं. चढाव निघाला, फोटो निघाला, नव्या चपला निघाल्या. भाऊ म्हणाला, तुला माझी चूक दिसली, पण मी आक्काला भेट म्हणून घातलं होतं ते दिसलं नाही. दादा म्हणाला, दिसलं होतं, म्हणून तर पहिल्याच दिवशी थांबवलं नाही, नाहीतर उपसून काढलं असतं. हे ऐकून भाऊने मान फिरवली. मग त्याला टपावरची वीट दिसली. ती अजून तिथेच बसून होती, पाहुणीसारखी. तो हसायला लागला. दादाने आधी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते, आणि खांदे लपवता येत नाहीत. वहिनी तर भिंतीला धरून हसत होत्या.

"म्हणजे आता या गाडीला मागे जायला चार गिअर आणि पुढे यायला एक," भिंगरीने हिशेब लावला. "आक्काआजीला तेवढाच पुरतो."

"पोर चुकत नाही," दादा डोळे पुसत म्हणाला. मग तो आक्काकडे वळला. "आणि आक्का, एक सांगू? तू गाडी अशी चालवतेस की सायकलवाले तुला वाट विचारायला थांबतात. तुला मजबूत एक्सल कशाला हवा होता, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

आक्काने चष्मा काढून पदराने पुसला. "तुला कळलं होतं?"

"मला पण," भाऊ म्हणाला. "तसलाच घातला असता तर संध्याकाळी तू घरी गेली असतीस. मी ओळखलं की तू आम्हाला टेबल उचलायला लावते आहेस. लहानपणीही लावायचीस."

"मग ओळखूनही महिनाभर तोंडं शिवून बसलात? शहाण्यांनो."

दोघांनी खाली बघितलं, शाळेत उभं केल्यासारखं. "आधी बोलणार कोण?" भाऊ म्हणाला. "मला वाटलं, काम चाललंय तोवर चाललंय. मीसुद्धा जरा हळूच करत होतो."

"ते ब्रेकच्या नळीला चार दिवस लागले तेव्हाच मला वाटलं," दादा म्हणाला. "दांडा मी दोनदा मोजला, त्यातला एकदा गरज नव्हती."

आक्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं.

गवंड्याचं काय करायचं, हा प्रश्न मोठ्या वहिनीने काढला. तो सकाळी येणार, विटा तर अर्ध्या फुटल्या. भाऊ म्हणाला, फुटक्या कोपऱ्यातल्या, गाड्या खालून तपासायच्या खड्ड्यात जातील, त्याच्या कडा कधीच्या ढासळल्या आहेत, त्या गवंड्याकडून बांधून घेऊ. चांगल्या उरल्या त्या बसायला एका ओट्याला पुरतील. ओटा कुठे घालायचा, यावर दादा आणि भाऊ परत भांडू लागले. शटरजवळ की मागे? आक्काने त्यात तोंड घातलं नाही. हे भांडण तिला चालणार होतं. ते एका शेडमधलं होतं.

मग गाडी विटांतून सोडवायला घेतली. एक्सल परत खाली काढायचा, बैठका घासायच्या, उलट्या अंगाला लावायच्या. पण मागे विटा अडकल्या होत्या, गाडी आधी थोडी पुढे घ्यायला हवी होती. भाऊ आत बसला आणि जन्मात पहिल्यांदा पुढे जाण्यासाठी मागचा गिअर टाकला. गाडी कण्हत पुढे आली, विटा गडगडल्या, खडूची रेघ चाकांखाली आणि लाल भुग्याखाली दिसेनाशी झाली. एक्सल मात्र जरासुद्धा कुरकुरला नाही.

"दमदार आहे," दादा खाली वाकून म्हणाला. मग सवयीने हाक मारली, "भिंगरे, त्याला सांग..."

भिंगरी उठली, वळसा घालायला निघाली. दादा मध्येच थांबला.

"बस तू खाली," तो म्हणाला. आणि गाडीच्या पलीकडे बघून, जरा घसा खाकरून, "धाकट्या, मोठा पान्हा दे रे. आणि घोडी आणलीस की एक्सल सुलटा ठेव. दोघं मिळून बघू, सुलटा म्हणजे कुठला."

पान्हा आधीच पुढे आला होता.